तेल गाळणी, लहान एंजिनांतील
एंजिनाच्या वंगण तेलातील धातूचे कण, काजळी व धूळ अडविणाऱ्या साधनास तेल गाळणी म्हणतात. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड व जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी १९२३ मध्ये ‘प्युरोलेटर’ ही मोटारगाडीची गाळणी तयार केली. १९२४ मध्ये ती क्रायस्लर गाडीत आली. या आद्य गाळण्यांतून तेलाचा काही अंशच जाई, उरलेले न गाळताच धारव्यांकडे पोहोचे. पुढे सर्व तेल गाळणारी पूर्णप्रवाही गाळणी व १९५० नंतर आट्यांवर फिरवून बसविण्याची डबाबंद गाळणी प्रचारात आली. तीमुळे नवा पेच उद्भवला : गाळण-कागद तुंबल्यास धारवे कोरडे पडतात. यासाठी पर्यायी मार्गाची झडप ठेवतात. ती उघडली की न गाळलेले तेल पुढे जाते. तेल मुळीच न मिळण्यापेक्षा हे बरे.

गवत कापण्याच्या यंत्रांच्या किंवा छोट्या पंपांच्या एकसिलिंडरी एंजिनांत पुष्कळदा तेलपंपच नसतो. संयोगदांड्याची पळी तेल उडविते. तेथे गाळणी नसते, वेळेवर तेल बदलणे हाच उपाय होय. तेलपंप असलेल्या एंजिनास केवळ आटे जुळतात म्हणून मोटारगाडीची गाळणी बसविणे धोक्याचे असते, कारण झडप उघडण्याचा दाब भिन्न असू शकतो. गाळणी जितकी सूक्ष्म तितकी चांगली, हा समजही अपुरा आहे. आयएसओ ४५४८ या मानकात गाळणक्षमता, प्रवाहास होणारा विरोध व झडपेचे कार्य यांच्या चाचण्या म्हणूनच स्वतंत्र आहेत.