सुपर फॉस्फेटच्या पोत्यातलं गंधक

भुईमूग पेरताना आपण सुपर फॉस्फेट घालतो ते स्फुरदासाठी. पण त्याच पोत्यात गंधकही असतं. ते तिथं आलं कसं? त्यासाठी सुमारे १८० वर्षं मागं, इंग्लंडात जावं लागेल.

तिथले शेतकरी रानात हाडांचा चुरा टाकीत. काही जमिनींत पीक जोमानं येई, काहींत काडीचाही फरक पडत नसे. हाडातला स्फुरद पाण्यात विरघळत नाही आणि विरघळल्याशिवाय मुळांना तो घेता येत नाही, ही खरी अडचण. रोथमस्टेडचे जमीनदार जॉन लॉज यांनी हाडांवर गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, टाकून पाहिलं. स्फुरद विरघळणारा झाला, सलगमाचं पीक तरारलं. १८४२ साली त्यांनी या खताचं पेटंट घेतलं आणि १८४३ साली लंडनला डेप्टफर्ड इथं कारखाना काढला. पुढं हाडांच्या जागी स्फुरदाचा खडक आला.

हे जमलं, कारण ॲसिड तोवर स्वस्त झालं होतं. पूर्वी ते काचेच्या भांड्यात थोडं थोडं करीत. १७४६ साली बर्मिंगहॅमला जॉन रोबक यांनी शिशाच्या पत्र्याच्या खोल्या वापरल्या. शिसं या ॲसिडला सहसा दाद देत नाही, त्यामुळं माल ढिगानं निघू लागला. गंधक येई सिसिली बेटावरून. १८३८ साली तिथल्या राजानं एकाच कंपनीला मक्ता दिला, भाव कडाडले. तेव्हा कारखानदार पायराइट नावाच्या दगडातून गंधक काढू लागले. आज बहुतेक गंधक खनिज तेल आणि वायू शुद्ध करताना मिळतं.

आपल्या देशात सुपर फॉस्फेटचा कारखाना १९०६ साली तामिळनाडूत राणीपेटला निघाला.

आता मुद्द्याची गोष्ट. खडकावर ॲसिड पडलं की विरघळणाऱ्या स्फुरदाबरोबर जिप्समही तयार होतं. साध्या सुपर फॉस्फेटात ते पोत्यातच राहतं. म्हणून ५० किलोच्या पोत्यात ८ किलो स्फुरद आणि सुमारे साडेपाच किलो गंधक मिळतं. डीएपीसाठीही हेच ॲसिड लागतं, पण त्यातलं जिप्सम गाळून कारखान्यातच मागं राहतं. पोत्यात नत्र आणि स्फुरद भरपूर, गंधक मात्र जवळजवळ नाही.

तेलबियांना तेल धरण्यासाठी आणि कडधान्यांना प्रथिनांसाठी गंधक लागतं. वर्षानुवर्षं नुसतं डीएपी घातलं, तर जमिनीतलं गंधक कमी होत जातं. कोवळी पानं पिवळी पडू लागली, की आपण नत्र कमी पडलं असं समजतो. नत्राची उणीव मात्र आधी खालच्या जुन्या पानांवर दिसते, हे ध्यानात ठेवा.

तेव्हा मंडळी, माती तपासून घ्या. गंधक कमी असेल, तर पेरणीला सुपर फॉस्फेट द्या, किंवा डीएपीच्या जोडीला जिप्सम द्या. आणि खत घेताना पोत्यावरचे आकडे वाचूनच पैसे मोजा.