सर्पगंधेचें मूळ आणि रक्ताचा दाब

कोंकणांत व सह्याद्रीच्या ओलसर रानांत उगवणारी सर्पगंधा ही एक लहानशी वनस्पति. तिचें कडू मूळ सर्पदंशावर व उन्मादावर देण्याची वैद्यांची वहिवाट जुनी आहे. वाढलेल्या रक्तदाबावरहि तें गुणकारी ठरतें, असें कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं लिहिलें. परंतु पश्चिमेकडे त्याची फारशी दखल कोणी घेतली नाहीं. ती घेतली गेली १९४९ सालीं, मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळें. त्यांनीं ५० रोग्यांस तें मूळ देऊन दाबाचीं मोजमापें टिपलीं आणि 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें प्रसिद्ध केलीं. पुढें बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनीं तें औषध हातीं धरलें, आणि १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझेल येथें मुळांतून 'रेसर्पिन' हें सत्त्व वेगळें झालें.

हें सत्त्व करतें काय? मज्जातंतूंच्या टोकांशीं नॉरअ‍ॅड्रेनलिन नांवाचें द्रव्य सांठविलेलें असतें. तें सुटलें कीं रक्तवाहिन्या आवळतात व हृदय जोरानें चालतें. रेसर्पिन ती कोठीच हळूहळू रिकामी करतें. म्हणून गुण येण्यास कांहीं दिवस, क्वचित् आठवडेहि लागतात. पण मेंदूंतील कोठारेंहि त्यांतून सुटत नाहींत. मोठ्या मात्रा घेणारे कित्येक रोगी अत्यंत खिन्न झाले, कांहींच्या मनांत आत्मघाताचे विचार येऊं लागले. मन निववण्याबद्दल ज्या मुळाची ख्याति, त्याचाच हा परिणाम!

तेव्हां मात्रा कमी करून जोडीला दुसरीं औषधें देण्याचा मार्ग निघाला. हायड्रालाझिन रक्तवाहिन्या सैल करतें. परंतु दाब उतरतांच शरीर दचकतें, नाडी धांवूं लागते आणि मीठपाणी सांठतें. नाडीला रेसर्पिन आवर घालतें, पाणी थायाझाइड लघवीवाटे काढून टाकतें. एकाचा दोष दुसऱ्यानें झांकावा, अशी ही योजना. अमेरिकेंत १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या १४३ पुरुषांवरील परीक्षेंत हींच तीन औषधें होतीं. हिंदुस्थानांतील 'अ‍ॅडेल्फेन-एसिड्रेक्स' ही गोळीहि याच धर्तीची. अनेक घरांतील वडीलधाऱ्यांना ती आठवत असेल.

मात्र सर्वच जोड्या हितकर नसतात. डिजिटॅलिस घेणाऱ्याच्या हृदयाची लय रेसर्पिननें बिघडूं शकते. सर्दी-दम्यावरील एफेड्रिन तर त्याच कोठीवर अवलंबून असतें. ती रिकामी असली म्हणजे त्याचा नेहमींचा गुण येत नाहीं.