रिकाम्या दरीतली जोती

मैत्रिणींनो, स्कॉटलंडच्या सहलीत आम्ही किल्ले पाहिले, ओटची खारी पेज खाल्ली (आम्हाला गूळ हवा होता!). पण आज सांगायचंय ते उत्तरेकडच्या स्ट्रॅथनेव्हर दरीबद्दल. नदी, हिरवळ, मेंढ्या. ‘‘किती निवांत!’’ आम्ही म्हणालो. मग गवतात बुडालेली रोझल गावच्या घरांची जोती दिसली.

ही जमीन सदरलंडच्या जहागिरीची. लोकरीला भाव आला तशी मालकांना कुळं नकोशी झाली, मेंढ्या हव्याशा. १८१४ मध्ये कारभारी पॅट्रिक सेलरने इथली घरं रिकामी करवली. माणसं परतू नयेत म्हणून छपराची लाकडं जाळली. झाडं विरळ असलेल्या त्या मुलखात लाकूड म्हणजेच घर, बरं का. शंभरीला टेकलेली मार्गारेट मॅके अंथरुणाला खिळलेली. तिला पेटत्या घरातून बाहेर काढलं, पण काही दिवसांतच ती गेली. सेलरवर १८१६ मध्ये इन्व्हरनेसला खटला चालला. तो निर्दोष सुटला! आणि दरीतली मेंढ्यांची कुरणं? ती त्यानेच खंडाने घेतली होती.

माणसं समुद्रकाठी ढकलली गेली. पुढे त्या किनाऱ्यांवर हजारो बायका हेरिंग मासळी साफ करण्याच्या कामाला लागल्या. तिघींची टोळी: दोघी चिरायच्या, तिसरी मिठाचे थर देत पिंप भरायची. जखमांत मीठ जाऊ नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळायच्या.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला धुरी दिलेला हेरिंग आला. पाठीतून सरळ चिरलेला. आमच्यातल्या कोळीणताई खाण्याआधी ती चीर बराच वेळ पाहत होत्या.