शालीच्या घडीतली पाच

अबोली-शेवंतीच्या वेणीत मधूनमधून जे सुवासिक हिरवे पान गुंफतात, ते पाच. मरवा आणि दवणा यांच्या पंक्तीतले हे पान आपल्याला वेणीपुरते आणि देवाच्या हारापुरते ठाऊक असते. विलायती अत्तराच्या बाटलीवर ‘पॅचुली’ हे नाव वाचले, तरी ते पाचेच्याच कुळातले आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. तमिळमधील ‘पच्चै’ म्हणजे हिरवे आणि ‘इलै’ म्हणजे पान, यांवरून ते नाव पडले असे मानतात. मराठीत पाच म्हणजे पाचू हे हिरवे रत्नही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काश्मिरी शालींना युरोपात मोठी मागणी होती. कसर लागू नये म्हणून व्यापारी शालींच्या घड्यांत ही वाळलेली पाने घालीत. महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात वास लोकरीत मुरे. पुढे तिकडची गिऱ्हाइके शाल हुंगून पाहू लागली. वास आला तर माल अस्सल हिंदुस्थानी! हे कळताच फ्रान्समधल्या शालवाल्यांनी पानेच मागवली आणि आपल्या नकली शालींना तोच वास दिला. अस्सलपणाची खूण अशी नकलेच्या कामी आली.

आपल्याकडची जात जॉर्ज बेंथम यांनी १८३० मध्ये ‘पोगोस्टेमॉन हेनिएनस’ या नावाने नोंदवली. अत्तराच्या धंद्यात मात्र तिची बहीण ‘पोगोस्टेमॉन कॅब्लिन’ सरस ठरली. फादर ब्लांको यांनी १८३७ मध्ये फिलिपिन्सच्या वनस्पतींवरील ग्रंथात तिचे वर्णन केले होते. तिची पाने आधी वाळवतात, मग वाफेवर तेल काढतात. ओल्या पानापेक्षा वाळल्या पानाचा वास दांडगा. आज जगाला लागणारे बहुतेक पॅचुली तेल इंडोनेशियातून येते.

आपल्या हाती उरले आहे ते परसातले रोप. पाच फांदी खोवून लावतात. म्हणजे एका घराने दुसऱ्या घराला फांदी दिली, तरच ती पुढे चालते. जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहिल्या, परस गेले आणि हारात प्लास्टिकची पाने आली. तरी पाच कुंडीतही जगते. थोडी सावली आणि ओल तिला पुरते. ज्यांच्याकडे ती अजून आहे, त्यांनी यंदा गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या हाती प्रसादाबरोबर एक फांदीही द्यावी.