आंतरराष्ट्रीय संबंध सिद्धांत आणि वंशवाद

आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या प्रमुख सिद्धांतांनी वंशभेद व वसाहतवाद विश्लेषणाबाहेर ठेवल्यामुळे जागतिक सत्तारचनेतील वंशवाद झाकला जातो, असे प्रतिपादन करणारी टीका. या सिद्धांतांपैकी बहुतेक वंशश्रेष्ठत्व उघडपणे सांगत नाहीत. वंशाचा उल्लेखच टाळून ते तटस्थ भासतात.

उगम : आंतरराष्ट्रीय संबंध या ज्ञानशाखेच्या आरंभी वसाहतींतील ‘मागास’ लोकांवर राज्य कसे करावे, हा तिचा उघड विषय होता. अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात १९१० मध्ये ‘जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट’ हे नियतकालिक सुरू झाले. १९१९ मध्ये त्याचे नाव ‘जर्नल ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स’ झाले आणि १९२२ मध्ये ते ‘फॉरेन अफेअर्स’मध्ये विलीन झाले.

पॅरिसमधील ठराव : पॅरिस शांतता परिषदेत ११ एप्रिल १९१९ रोजी राष्ट्रसंघाच्या सनदेत वांशिक समानतेचे तत्त्व घालण्याची जपानची सूचना मतास आली. उपस्थित १७ प्रतिनिधींपैकी ११ जणांनी ती उचलून धरली. एकमत नाही, या कारणास्तव अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी ती फेटाळली. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज यांचा तिला कडवा विरोध होता. पाठ्यपुस्तके या काळाचे वर्णन आदर्शवाद विरुद्ध वास्तववाद असे करतात. त्या मांडणीत या ठरावाला क्वचितच जागा मिळते.

झाकण्याची रीत : केनेथ वॉल्ट्झ यांच्या ‘थिअरी ऑफ इंटरनॅशनल पॉलिटिक्स’ (१९७९) या ग्रंथात राज्ये ही समान कार्ये करणारी, केवळ बळाने भिन्न असलेली एकके आहेत. साहजिकच वसाहतींतील जनता हिशेबात येत नाही. शीतयुद्धाचा काळ ‘दीर्घ शांतता’ म्हणून ओळखला जातो, तो अल्जीरिया व व्हिएतनाममधील संहार बाजूला ठेवूनच. राज्यांतर्गत बाबी वेगळ्या काढल्या, की वर्णभेदही ‘घरगुती’ ठरतो. १९४६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने हाच बचाव केला. आमसभेने तो मानला नाही.

पर्यायी परंपरा : पहिल्या महायुद्धाची मुळे आफ्रिकेच्या लुटीत आहेत, असे डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९१५ मध्येच मांडले. हॉवर्ड विद्यापीठातील राल्फ बंच, मर्झ टेट व रेफर्ड लोगन यांनी साम्राज्य आणि वंश यांचा एकत्रित अभ्यास केला. रॉबर्ट व्हिटॅलिस यांनी २०१५ च्या ग्रंथात या उपेक्षित परंपरेचा इतिहास लिहिला. अमेरिकी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांच्याकडे पत्राने मागितल्या. अस्पृश्यांसाठीही तोच मार्ग विचाराधीन असल्याचे त्यांनी कळवले.

मूल्यमापन : सिद्धांतकारांचे पूर्वग्रह म्हणजे सिद्धांताचा दोष नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. सत्तासमतोलाच्या तर्कापुरता तो ग्राह्य धरला, तरी राज्य म्हणून कोणाला मोजायचे हे ठरवतानाच वंशाचा निकष लागला होता, हे त्याने खोडले जात नाही. ज्यांना स्वतःचे राज्यच नाकारले गेले, त्यांच्यावरील अन्याय समजून घेण्यास राज्य हे एकक अपुरे पडते.