घडीची सायकल आणि स्वस्त उजेड

यंत्रांचा इतिहास बहुधा त्यांच्या सर्वोत्तम नमुन्यांवरून लिहिला जातो. सायकलीच्या डायनामोचेही तसेच झाले आहे. १९२३ साली बॉशने सायकलीचा विजेचा दिवा बाजारात आणला, १९३६ साली इंग्लंडात स्टर्मी-आर्चरचा ‘डायनोहब’ आला, नव्वदच्या दशकात जर्मनीत विल्फ्रीड श्मिट यांचा हब आला, की इतिहास संपला. ज्याला यांतले काहीच परवडत नव्हते त्याने अंधारात काय केले, हा प्रश्न त्यात येत नाही. घडीच्या सायकलीपाशी मात्र तो टाळता येत नाही.

डायनामोच्या दोन जाती. एक बाटलीच्या आकाराचा, टायरच्या कडेवर टेकून फिरणारा. पुण्यामुंबईच्या एका पिढीला तो चांगला आठवत असेल: खटका दाबून तो टायरवर टेकवला की सायकल एकदम जड वाटे आणि चौकात थांबताच दिवा विझे. दुसरा चाकाच्या मध्यातच बसणारा हब. त्यात घर्षण नाही, आवाज नाही, पावसात घसरण्याचे भय नाही. जुन्या डायनोहबची एक नाजूक खोड होती. दुरुस्तीत चुंबक तसाच बाहेर काढून ठेवला, तर त्याचे चुंबकत्व कायमचे उणावे. असो.

आता चाकाचे गणित पाहू. ताशी १५ किलोमीटर वेगाने मोठ्या, २८ इंची सायकलीचे चाक मिनिटाला सुमारे १२० फेरे घेते. त्याच वेगात ब्रॉम्प्टनचे १६ इंची चाक सुमारे १९० फेरे घेते. हब फेऱ्यांवर चालतो, म्हणून लहान चाकात तो कमी वेगातही पुरेसा प्रकाश देतो. बाटलीला मात्र टायरच्या पृष्ठभागाचा वेग तेवढा कळतो. तो चाक केवढेही असो, सायकलीच्या वेगाइतकाच राहतो. म्हणजे लहान चाकाचा सारा नैसर्गिक लाभ महाग यंत्राच्या पदरात पडतो आणि स्वस्त यंत्र जिथल्या तिथे राहते.

बरे, हबही स्वस्त मिळतो. शिमानोने तो सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला. पण नेहमीच्या सायकलीच्या पुढच्या चिमट्याची आतली रुंदी १०० मिलिमीटर असते. लंडनमध्ये १९७५च्या सुमारास अँड्र्यू रिची यांनी रचायला घेतलेल्या ब्रॉम्प्टनमध्ये आणि १९८२ साली स्थापन झालेल्या डाहोनच्या अनेक सायकलींमध्ये ती ७४ मिलिमीटर आहे. घडी चपटी व्हावी म्हणून वाचवलेल्या या २६ मिलिमीटरांमुळे बाजारातला साधा हब तिथे बसत नाही. खास बनवलेला घ्यावा लागतो, आणि ‘खास’ या शब्दाची किंमत ग्राहक ओळखून असतो.

मग स्वस्त उजेड आला कुठून? माझ्या मते तो संशोधकापेक्षा कायद्याने दिला. जर्मनीत २०१३ पर्यंत रस्त्यावरच्या सायकलीला डायनामोचा दिवा सक्तीचा होता. ११ किलोपर्यंतच्या रेसिंग सायकलींना तेवढी सूट होती. विजेचे मापही ठरलेले: ६ व्होल्ट, ३ वॅट. लाखो सायकलींना एकाच मापाचा दिवा लागतो म्हटल्यावर कारखान्यांत स्पर्धा लागली. या सक्तीला पुष्कळांनी नावे ठेवली. बॅटरीचे दिवे चांगले निघाल्यावर ती जाचक होती हेही खरे. पण कोणत्याही कारखान्याचा दिवा कोणत्याही डायनामोला जोडता येण्याची सोय तिच्याच पोटी जन्मली.

नंतर हॅलोजनच्या जागी एलईडी आला. तेवढ्याच ३ वॅटांत कितीतरी अधिक उजेड मिळू लागला आणि संधारकामुळे चौकात थांबल्यावरही दिवा काही मिनिटे तेवत राहू लागला. बेताच्या पैशांत घडीची सायकल उजळायची, तर आजही शहाणपणाचा क्रम हाच: आधी चांगला एलईडी दिवा आणि साधी बाटली, हब पुढे जमेल तेव्हा. माप एकच असल्याने पहिला दिवा वाया जात नाही. तार मात्र दुहेरी ओढावी. साध्या सायकलीत परतीची वीज सांगाड्यातूनच जाते. घडीच्या सांध्यांतला रंग आणि वंगण तिला अडवतात. मागच्या दिव्याची तार तर प्रत्येक घडीला वाकते आणि कधीतरी आतून तुटते. तिथे लहानसा बॅटरीचा दिवाच बरा.