अतिरिक्त रक्तदाब व रोहिणीभित्ती

रक्तदाब सतत वाढलेला राहिल्यास रोहिण्यांच्या (हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांच्या) भित्तीची रचना बदलते. हा बदल दाबामुळे होतो की त्यामुळेच दाब वाढतो, हा वाद एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झाला.

रिचर्ड ब्राइट यांना १८३६ मध्ये मूत्रपिंडाच्या जीर्ण विकारात हृदयाचे डावे निलय मोठे झालेले आढळले. जॉर्ज जॉन्सन यांनी १८६८ मध्ये अशा रोग्यांच्या लहान रोहिण्यांचा स्नायुस्तर जाड झाल्याचे दाखविले. ही जाडी स्नायूंची नसून काचाभ व तंतुमय द्रव्याची आहे, असे विल्यम गल व हेन्री सटन यांनी १८७२ मध्ये प्रतिपादिले. दोन्ही पक्षांची भिस्त शवविच्छेदनावर होती आणि शवात बहुधा रोगाची अखेरची अवस्थाच दिसते.

जिवंत माणसाच्या नाडीकडे वळले ते फ्रेडरिक अकबर महंमद (१८४९–८४). लंडनच्या गाय रुग्णालयातील या वैद्यांचे आजोबा शेख दीन महंमद मूळचे पाटण्याचे होते. नाडीलेखकाच्या साहाय्याने फ्रेडरिक यांनी १८७४ मध्ये दाखविले की, मूत्रात प्रथिन उतरण्यापूर्वीच नाडीतील ताण वाढलेला असतो. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी आंत्रज्वराने त्यांचा अंत झाला आणि त्यांचे कार्य दीर्घकाळ उपेक्षित राहिले. बाहूभोवती पट्टा गुंडाळून दाब मोजण्याची रीव्हा-रोत्ची यांची पद्धत १८९६ मध्ये आली.

स्वीडनमधील ब्यर्न फोल्को व त्यांचे सहकारी यांनी १९५८ मध्ये मूळ वादाला नवे वळण दिले. वाहिन्या पूर्णपणे सैल केल्या, तरी अतिरिक्त रक्तदाबाच्या रोग्यांत रक्तप्रवाहाला होणारा रोध अधिकच राहतो. म्हणजे दोष केवळ स्नायूंच्या आकुंचनाचा नसून रचनेचाही आहे. वाढलेला दाब पेलण्यासाठी भित्ती जाड होते. मात्र पोकळी अरुंद झाल्याने तीच दाब टिकवून धरते. रोध त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्यामुळे त्रिज्या एक दशांशाने घटली, तरी तो सुमारे दीडपट होतो.

विकाराच्या आरंभी लहान रोहिण्यांत नवे स्नायुद्रव्य फारसे वाढतेच असे नाही. आहे तेच अरुंद पोकळीभोवती नव्याने रचले जाते, असे पुढील संशोधनात दिसून आले. काचाभ द्रव्य बहुधा नंतर साचते. त्यामुळे जॉन्सन व गल यांच्यातील वाद काही अंशी वेगवेगळ्या अवस्थांचा होता, असे म्हणता येईल. महारोहिणीसारख्या मोठ्या वाहिन्यांत स्थितिस्थापक तंतू तुटून कोलॅजेन वाढते व भित्ती ताठर होते.

१९९० नंतरच्या दशकातील चाचण्यांत अँजिओटेन्सिन परिवर्तक एंझाइमाला रोधणाऱ्या औषधांनी सुमारे वर्षभरात लहान रोहिण्यांची रचना सुधारली. ॲटिनोलॉलने दाब तितकाच उतरूनही ती सुधारली नाही.